जावईबापूंचा नारळ आणि आफ्रिकेचा वळसा

आता काय सांगू तुम्हाला, माझं डोकं अजून तापलेलंच आहे. हसायचं नाही हे आधी कबूल करा, मगच चहा घ्या.

यंदा आमची दिंडोरीची द्राक्षं पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या नावाने युरोपला निघाली. अख्ख्या बागेचा हंगाम एका थंड कंटेनरमध्ये. आणि तांबड्या समुद्रात हल्ल्यांची भीती म्हणून त्या जहाजवाल्याने परस्पर आफ्रिकेला वळसा घातला. माल पोचला तो मऊ पडलेला. घेणाऱ्याने सरळ हात वर केले.

मग माझं तोंड जे सुटलं ते आठवडाभर सुटलंच. "नाशिकहून सायखेड्याला जायला कोणी इगतपुरीवरून जातं का?"

"अहो, मला काय विचारता? मी चालवत होते का जहाज? बंद करा आता, किती वेळ ऐकायचं माणसाने?" आमची सुनंदा म्हणायची. बायकोच ती, तिला काय कळणार माझी तळमळ?

शेवटी भाचीला, मेघनाला बोलावलं. ती मुंबईत जहाजांच्या दाव्यांची वकिली करते.

"मामा, जीव वाचवायला जहाज वळवलं तर कायदा बहुतेक त्यांच्याच बाजूने असतो."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"पण वाटेत थंडावा कमी पडला असेल, तर त्यांना धरता येईल."

"मग धर. गचांडीच धर."

द्राक्षांच्या पेटीत तापमान नोंदवणारं एक यंत्र ठेवलेलं असतं. त्याचा आलेख मेघनाने लॅपटॉपवर उघडला. "ही रेघ बघा. समुद्रात सगळीकडे सरळ आहे. उंचवटा एकच, अगदी सुरुवातीला."

"तिथेच बंद पाडलं बघ हरामखोरांनी!"

"मामा, तेव्हा कंटेनर तुमच्या शेडसमोर होता."

"पूजेच्या दिवशी," सुनंदा हळूच म्हणाली.

आता मला सांगा, नवा ट्रॅक्टर असो नाहीतर कंटेनर, नारळ फोडल्याशिवाय आपल्याकडे चाक हलतं का? आणि नारळ जावईबापूंच्याच हातून फुटायला हवा होता. ते सायखेड्याहून यायचे होते. तोवर भर उन्हात, भरलेला कंटेनर, दोन्ही दारं सताड उघडी, त्यांना झेंडूच्या माळा. जावईबापू आल्यावर त्यांच्यासाठी आरती पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

तरी मी हटलो नाही. "दार उघडं असलं म्हणून काय झालं? थंडाव्याचं मशीन चालू नव्हतं का? पुरावा दाखवा म्हणावं!"

मेघनाने कपाळाला हात लावला. "मामा, माल किती टवटवीत होता हे दाखवायला तुम्हीच जहाजवाल्यांना पूजेचा व्हिडिओ पाठवलाय."

तिने तो लावला. माळा दिसल्या, उघडी दारं दिसली, आरती सुरू झाली. आणि आरतीच्या वरताण माझा आवाज, मशीनकडे हात करून ड्रायव्हरवर खेकसणारा, "अरे ए, बंद कर ती घरघर! किती वेळ ऐकायची माणसाने?"

सुनंदाने माझ्यापुढे चहा ठेवला.

"आठवडाभर मी तरी दुसरं काय म्हणतेय?"