टायरला काकवी

माणसाची पारख त्याच्या गाडीच्या चाकांवरून करायची, ही आमच्या आबांची खोड. दर रविवारी ते आपल्या मोटारीपुढं पाट टाकून बसायचे. काथ्यानं टायर घासायचे, जुन्या टूथब्रशनं नटांभोवतीची माती काढायचे आणि शेवटी काळं पॉलिश फिरवायचे. पॉलिशची बाटली कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. पेठ वडगावहून मला बघायला आलेलं चांगलं स्थळ त्यांनी या चाकांपायीच घालवलं. मोटार वरून चकाचक, पण चाकं मातीनं भरलेली. तोंड धुऊन पाय न धुणारा जावई नको म्हणाले. आता यावर काय बोलायचं, सांगा!

मग कोडोलीचं स्थळ आलं. त्या मुलाला मी मावसबहिणीच्या लग्नात पंगतीत वाढताना बघितलं होतं आणि मनातल्या मनात सगळं ठरवूनही टाकलं होतं. तो मामाला घेऊन जीपनं दारात आला, तेव्हा आबा शाहूपुरीत पेढे आणायला गेले होते. मी खिडकीतून बघितलं. चारी चाकांना उसाच्या फडातला चिखल. आबांच्या नजरेला पडला की संपलंच.

आई पाहुण्यांशी बोलत बसली आणि मी मागच्या दारानं बादली घेऊन पसार. चाकं धुतली खरी, पण वाळली तशी टायर पांढुरके दिसायला लागले. पॉलिश तर कुलपात. स्वयंपाकघरात पाहुण्यांनी आपल्या गुऱ्हाळातून आणलेली काकवीची किटली होती. काळसर, घट्ट, चकचकीत. म्हटलं, हीच फासू की! चारी टायर काय झळकले म्हणता!

आबा आले ते चाकांकडं बघत, मान डोलावतच आत. पोहे झाले, चहा झाला, पेढेही दोनदा फिरले. माझं निम्मं लग्न झालं होतं.

पाहुण्यांना निरोप द्यायला सगळे बाहेर आलो. बघतो तर शेजाऱ्यांची म्हैस जीपचं पुढचं चाक चाटत उभी. हाकलली तरी हलेना. आबा वाकले, टायरवरनं बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. मी हात पाठीमागं लपवले.

आबांनी मुलाला विचारलं, "चाकं तुमीच धुतली न्हवं?"

हो म्हण रे बाबा, मी देवाचा धावा करत होते.

"न्हाय की," तो म्हणाला. "येताना चिखलानं भरली हुती. कुणी धुतली, मला बी म्हाईत न्हाय."

झालं, गेलं हेही स्थळ, म्हणून मला रडूच फुटायला आलं. आबांनी माझ्या पाठीमागं लपवलेल्या हातांकडं बघितलं. मग मामांना म्हणाले, "आत चला पावणं, सुपारी फोडू. पोरगं खोटं बोलत न्हाय आन पोरीनं तर आपलं ठरवलंयच."

उंबऱ्यात पाय टाकता टाकता ते माझ्याकडं वळले. "नटांभवती चिखल तसाच हाय. बादली घे आन तेवढा काढ."

आत सुपारी फुटली तेव्हा मी बाहेर नव्या साडीचा पदर खोचून, म्हशीला ढकलत, टूथब्रशनं नट घासत होते.