थोरल्याचे मेल

माझ्या चुलत भावानं माझं मनगट मोडलं ते विहिरीच्या पाण्यावरून, असं आमच्या भावकीत अजून सांगतात. खोटं आहे. पाण्यावरून आमची डोकी त्याआधीच फुटून झाली होती. मनगट मोडलं ते ई-मेलच्या प्रोग्रामवरून.

रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात सगळ्या भावकीत मिळून एकच ई-मेलचा पत्ता होता. तो या चुलत भावाच्या थोरल्या भावानं सुट्टीवर आला असताना उघडून दिलेला. थोरला लष्करात होता. उसाची नोंद, गॅस, पोरांचे प्रवेश, सगळीकडे तोच पत्ता, आणि पासवर्ड गोठ्याच्या दारावर खडूनं लिहिलेला. थोरलाही तिकडून त्याच पत्त्यावर लिहायचा. ज्याच्या हाती पहिल्यांदा लागेल त्यानं मोठ्यानं वाचून दाखवायचं, अशी पद्धत होती. मग एका घाटात लष्कराची गाडी दरीत गेली आणि थोरला गेला. मागं राहिले ते मेल. उसाला पाणी लावलं की धाकटा, म्हणजे माझं मनगट मोडणारा, बांधावर बसून फोनवर तेच वाचायचा. तेव्हा त्याला हाक मारायची कुणाची टाप नव्हती.

मी सांगलीत घरबांधणीचे नकाशे काढतो. माझी कामंही त्याच पत्त्यावर यायची, हा माझा आळस. सगळी भावकी जिथं तिथं पत्ता वाटत सुटलेली, त्यामुळे मेलचा डबा तुंबला. कर्ज घ्या, टक्कल घालवा, तुम्हाला मोटार लागली आहे. असल्या घाणीत माझे नकाशे बुडायचे. शेवटी जागाच संपली, आलेले मेल परत जाऊ लागले, आणि एका घरमालकानं फोनवर माझी आई-बहीण काढली. मी तापलो. म्हटलं, आता एकेका मेलचा मुडदाच पाडतो.

संगणकावर बसवायला दोन प्रोग्राम पाहिले. एक देखणा होता, पण त्यात मेल तिकडे दूर कुठंतरी कंपनीच्या यंत्रातच राहणार, आपण नुसतं डोकावायचं. दुसरा दिसायला ओबडधोबड, पण सगळे मेल खेचून माझ्या यंत्रात आणून टाकणार आणि तिकडची जागा मोकळी करणार. मी दुसरा घेतला. आमच्याकडे ऊस तोडून वाहनात पडेपर्यंत तो आपला असं कुणी धरत नाही, तशीच माझीही बुद्धी. घरात आलं म्हणजे सुरक्षित.

मग चाळण्या लावल्या. कर्ज शब्द दिसला की कचऱ्यात, लॉटरी दिसली की कचऱ्यात. हात शिवशिवत होते, मजा येत होती. पण सगळ्यात पहिली चाळणी लावली ती थोरल्याच्या नावाची. त्याचे मेल वेगळ्या कप्प्यात, त्यांना कशाचाही धक्का लागणार नाही असे. हलवताना एकूण एक वाचले. वाचताना रडलो, हेही सांगून टाकतो.

धाकट्याला कळवलं नाही. पाण्याच्या पाळीवरून त्यानं माझ्यावर फावडं फेकल्यापासून आमचं बोलणं बंद होतं. इकडे मी यंत्रात मेल ओतून घेतले आणि तिकडे बांधावर त्याच्या हातातला फोन रिकामा झाला.

भावकीत संगणक माझ्याकडेच, म्हणून तो दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगलीत आला. हातात ट्रॅक्टरची टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी दांडी. बायकोनं दार उघडलं, तिला बाजूला सारून आत शिरला.

"थोरल्याचं मेल कुठं हायती?"

"आधी दांडी खाली ठेव," मी म्हणालो.

"पाण्यावरनं राग हुता तर मला मारायचं हुतंस. त्याला कशाला मारलंस पुन्यांदा?"

याला उत्तर द्यायच्या आधी मी त्याला शिवी दिली. माझं तोंड असंच आहे. त्यानं दांडी घातली, मी हात आडवा केला आणि हाड मोडल्याचा आवाज मला कानात नाही, दातांत ऐकू आला. दुसऱ्या हाताला पितळी तांब्या लागला, तो मी त्याच्या कपाळावर हाणला. रक्त त्याच्या भुवईवरून डोळ्यात उतरलं. ते पुसायलाही तो थांबला नाही, संगणकाकडे वळला.

"त्यातच हायती रं," मी ओरडलो. "समदी त्यातच हायती."

"खोटारड्या."

पहिला घाव पडद्यावर बसला. पडदा गेला तर जाऊ दे, म्हणून मी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्यानं मला भिंतीवर झटकलं आणि टेबलाखालचा संगणकाचा डबा ओढून त्यावर घाव घातले. पत्रा वाकला, आतलं सगळं बाहेर आलं, तरी थांबेना.

"भावजी," बायको दारातून म्हणाली, "खरं सांगतायत ते. कालच मला वाचून दाखवले. त्यातच होते."

वहिनीचा शब्द त्यानं कधी खोटा मानला नव्हता. दांडी हातातून सुटली. तो खाली बसला आणि उघड्या हातांनी तुकडे गोळा करू लागला. पत्र्यानं बोटं कापत होती. मी त्याच्या पाठीत लाथ घातली. तो हलला नाही. मग मीही शेजारी बसलो आणि चांगल्या हातानं वेचू लागलो.

दुरुस्तीच्या दुकानदारानं मेल साठवणारी चेपलेली तबकडी बघितली, बाजूला ठेवली आणि आमच्यासाठी चहा सांगितला. तिकडे दूर तर मीच सगळं पुसून घेतलं होतं.

आता धाकटा अधूनमधून येतो. कपाळावर वण आहे. विहिरीचं नाव काढत नाही. माझ्यासमोर बसतो आणि म्हणतो, "सांग." मला आठवेल तसं मी सांगतो. बूट ओले झाले, वाळवायला ऊन नाही. चपाती कडक, आईच्या भाकरीची आठवण येते. म्हैस व्याली का, कळवा. त्याला त्यातले पुष्कळ पाठ आहेत, मला थोडे, आणि आमचं जुळत नाही.

"असं न्हाई लिव्हलं हुतं त्यानं," म्हणत परवा त्यानं पुन्हा माझी गचांडी धरली. मी सोडवून घेतली नाही.