हत्तीची सर्दी आणि माझा शेरा

निवृत्तीच्या समारंभात माझ्या शिस्तीचं कौतुक झालं, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

नारायण पेठेतल्या एका मराठी शाळेत मी पर्यवेक्षक होतो. नव्वदीनंतरची ती वर्षं. पालक मुलांना इंग्रजी शाळांत हलवत होते. आम्हीही मागे नको म्हणून एक संगणक आणला, त्यावर कापड घातलं आणि खोलीला कुलूप लावलं. बाकी शिस्त माझ्याकडे होती. व्हरांड्यातून फिरायचं, ज्या वर्गातून आवाज येत नाही, तिथे शिकवणं छान चाललंय असं समजायचं.

चौथीच्या बाई नव्या होत्या, अजून कायम झाल्या नव्हत्या. ते माझ्या गोपनीय अहवालावर अवलंबून होतं. एकदा त्यांच्या वर्गातून हशा ऐकून मी दाराबाहेर थांबलो. वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी गोष्टीच्या पुस्तकातून मोठ्यानं वाचत होती. हत्तीला सर्दी होते, गावातले रुमाल संपतात, मग पाटलांचं धोतर मागायला माणसं जातात. पुढे काय होतं ते कळावं म्हणून ती अक्षराला अक्षर जोडत, धापा टाकत वाचत होती. ती धोतरापाशी पोचली आणि मी फस्सकन हसलो. मागे शिपाई उभा होता.

“सर, आपण हसलात?”

“खोकला आहे,” मी म्हणालो.

त्याच दुपारी अहवालात लिहिलं: ‘वर्गनियंत्रण नाही. अध्यापन थिल्लर.’ वर्षअखेर बाई गेल्या. संस्थेनं काढलं, असं मी सगळ्यांना सांगत राहिलो.

गेल्या महिन्यात पत्ता काढून कर्वेनगरला त्यांच्या घरी गेलो. चहा झाल्यावर म्हणालो, “तो शेरा माझा होता.”

“अहो, खाली सही तुमचीच होती की. काढताना संस्थेनं मला दाखवला होता तो.”

मग हसल्याचंही सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

“हे नव्हतं माहीत. त्यानंतर मी वर्गात पाऊल ठेवलं नाही, सर. कंपनीत लागले. वाटलं, खरंच थिल्लर शिकवते मी. आणि तुम्ही बाहेर हसत होतात?”

“अहवालात तसा रकाना नव्हता.”

हा विनोद त्यांना आवडला नाही. मलाही नाही.

“मग आता लिहा,” त्या म्हणाल्या.

म्हणून लिहितो: ती मुलगी पुढच्या ओळीत काय गंमत आहे, या ओढीनं वाचायला शिकली. ती ओढ बाईंनी लावली होती.