गियरबॉक्सचा खोल पॅन

माझ्या लग्नाच्या वेळी आप्पांनी मुलाकडची चौकशी एका दुपारीत उरकली होती. गाडीच्या गियरबॉक्सला खालचा पॅन, म्हणजे तेलाचं भांडं, कुठला घ्यायचा, यावर मात्र त्यांनी अख्खा उन्हाळा घालवला. माझं लग्न टिकलं नाही, हे मी त्यांना ऐकवलंही. त्यांनी चष्मा पुसला आणि फोनवर पुढचा पॅन उघडला.

गाडी म्हणजे आमच्या वरवंडच्या घरापुढं उभी असलेली, बैलगाडीपेक्षा लांब अशी जुनी अमेरिकन मोटार. आप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडला रेल्वेत फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती नवरदेव मिरवायला गाड्या भाड्यानं देणाऱ्या एकाकडून घेतली. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, त्यात मी सगळ्यात पुढे. मग त्यांचा डावा पाय अधू झाला आणि वेडाचं शहाणपण झालं. या गाडीला क्लचच नाही. गियर आपोआप पडतात, उजवा पाय पुरतो. दर आठवड्याला ते एकटे शिरूरला आत्याकडे जात, चहात साखर किती यावरून तिच्याशी भांडत आणि खुशीत परत येत. "मला कुणी न्यायला लागत न्हाई," हे भेटेल त्याला सांगत. मी राहते शिरूरला, कामाला रांजणगावच्या कंपनीत. त्यांनी आता गाडी सोडावी म्हणून माझी कटकट चालूच असे.

पण शिरूरच्या वाटेवर न्हावऱ्याला पोचेपर्यंत गियरबॉक्सचं तेल तापायचं आणि गियर घसरायचे. दौंडच्या मिस्त्रींनी गाडीखालून डोकं बाहेर काढून निदान सांगितलं.

"पॅन गंजलाय. बदलायचाच तर खोल घ्या आप्पा. तेल जास्त मावतं, तापायला येळ लागतो. आन् तळाला नट असलेला बघा, न्हाईतर तेल बदलताना माझी आंघोळ हुती."

मग सुरू झालं बघणं. एक पॅन ॲल्युमिनियमचा होता, खाली उभ्या पट्ट्या, देखणा. किंमत ऐकून आप्पा म्हणाले, "चांगलाय, पर गाडीखाली वाकून बघणार कोण?" दुसरा साध्या पत्र्याचा, परवडणारा. तिसराही पत्र्याचाच, त्याच किमतीचा, पण चार बोटं जास्त खोल. इथं सगळ्यांची अक्कल एकाच खुंटीला बांधली गेली. त्याच भावात मोठं भांडं मिळत असताना लहान घेणारा माणूस आमच्या वस्तीत अजून जन्माला यायचाय. ज्यांचं पाण्याच्या टाकीच्या जागेवर कधी एकमत झालं नाही, त्यांनी या पॅनला एकमुखानं कौल दिला.

मिस्त्रींनी तो बसवला, आतली तेलाची जाळी खाली उतरवली. गॅरेजच्या सपाट फरशीवर गाडीखाली हात घालून पाहिला. जागा भरपूर होती. आणायला मीही गेले होते. दौंडहून वरवंडपर्यंत गियर लोण्यासारखे पडत होते आणि आप्पा शीळ घालत होते.

आमच्या वस्तीत, विहारापुढच्या गतिरोधकावर पुढची चाकं चढली, उतरली आणि खालून कडाड आवाज आला. लाल तेल रस्त्यावर पसरलं. क्षणात माणसं जमली. एरवी असं झालं की पहिला प्रश्न असतो, हा उंचवटा घातला कुणी? या वेळी कुणी विचारला नाही, कारण उत्तर गाडीत बसलं होतं.

काही वर्षांपूर्वी अंगणवाडीतलं एक लेकरू तिथंच उसाच्या ट्रॅक्टरखाली येता येता वाचलं होतं. आप्पा रस्त्यात बसले आणि गतिरोधक मंजूर होईपर्यंत उठले नाहीत. मंजूर झाला तो त्यांना बुटका वाटला. म्हणून वस्तीनं त्यावर आपला सिमेंटचा माल टाकला, आणि आप्पांनी स्वतः थापी मारली. पुढं रोज त्यावरून जाता जाता तो आमच्यापैकी कुणाला दिसेनासाच झाला.

दोघे पहार घेऊन आले. "आप्पा, तुम्हीच केलता, तुमच्यासाठी उतरवतो. चार बोटं तर काढायचीत."

आप्पा लंगडत आले आणि पांढऱ्या पायजम्यानिशी त्या तेलातच, गतिरोधकावर बसले.

"गाडी ढकलत घरी न्या. ह्याला हात लावायचा न्हाई."

मला त्यांचा राग आला, आणि अभिमानही वाटला. मिस्त्री येऊन बघून गेले. पॅन वर दाबला जाऊन गियरबॉक्सचं कवच तडकलं होतं. असलं कवच आता मिळायचं नाही, म्हणाले.

पुढच्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. "सुट्टी हाय का तुला? आत्याकडं जायचं हुतं."

मी माझी लहान गाडी घेऊन गेले. ते शेजारी बसले, पट्टा लावला, खिडकीबाहेर पाहू लागले. चौफुल्यापुढं पहिला गतिरोधक दिसला तसा त्यांचा उजवा पाय पायपुसणीवर दाबला गेला. दुसऱ्यालाही तसंच. इतकी वर्षं मला जे हवं होतं तेच झालं होतं, आणि मला रडू येत होतं. न्हावऱ्यापर्यंत मी रस्त्यापेक्षा त्यांचा पायच बघत होते, आणि तो दाबला की ब्रेक मारत होते.