वाचवलेला हात

लेम्पी कुमपुलाच्या शिव्या खाल्ल्याशिवाय वस्तीतल्या कुणाचा स्नोब्लोअर दुरुस्त होत नसे. कीविनॉच्या द्वीपकल्पावर सरोवरावरून बर्फ यायला लागला की महिनोन् महिने थांबत नाही, आणि बर्फ गिळून लांब फेकणारं हे पेट्रोलचं धूड बंद पडलं की माणूस आपल्याच दारात कोंडला जातो. त्यामुळे लोक मुकाट्याने येत आणि ऐकून घेत. "उन्हाळाभर टाकीत पेट्रोल कुजवलंस ना? आता खळ झालीय त्याची. पोस्टर चिकटव त्याने," असं तिने एकदा पाद्र्यालाही सुनावलं होतं.

बोलण्यावरच भागत असे असंही नाही. यंत्राच्या तोंडाशी बर्फ आत ओढणारा मोठा स्क्रू दगडात अडकला की एक मऊ पिन आधी तुटते आणि बाकीचं यंत्र वाचतं, ती पिन असतेच त्यासाठी. वस्तीतले पुरुष मात्र पिना बदलायला कंटाळून तिथे बंद खाणीतला पोलादी बोल्ट ठोकत, आणि त्यात त्यांना मर्दुमकी वाटे. मग दगड लागला की थेट गिअरबॉक्स फुटायचा. टाउनो नावाच्या एकाने हे तिसऱ्यांदा केलं तेव्हा लेम्पीने फुटलेलं दातेरी चाक त्याच्या नडगीवर फेकून मारलं. टाउनो महिनाभर लंगडला आणि पुढच्या वर्षी गुमान पिना घेऊन आला.

हे काम ती हौसेने शिकली नव्हती. तिचा नवरा आर्मास याने बंद यंत्राच्या बर्फ फेकणाऱ्या नळकांड्यात हात घातला आणि दोन बोटं घालवली. त्याला पाना धरवेना, म्हणून पाना तिच्या हातात आला. तिला बसणारा मार मात्र कमी झाला नाही, उरलेली आठ बोटं त्याला पुरली. तो मेला तेव्हा लेम्पी रडली नाही, आणि कुणी काय म्हणेल याची तिने पर्वाही केली नाही.

तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला ती एकच गोष्ट बजावी. "इंजिन बंद असलं तरी हात घालायचा नाही. पट्टा ताणलेला असतो, आतल्या पंख्यात जोर कोंडलेला असतो. अडकलेला बर्फ सुटला की पंखा अर्धा फेरा फिरतो. काठी घाला, नाहीतर बोटं इथेच ठेवून जा."

पानगळीच्या दिवसांत तिची सून डोरीन काळानिळा डोळा घेऊन आली होती. लेम्पीने तिला कॉफी दिली, वेलचीचा पाव दिला आणि म्हणाली, "काम नसलं की पुरुष बिथरतात. सोस थोडं." डोरीन कप धुऊन परत गेली. आपण काय बोललो हे लेम्पीला त्याच संध्याकाळी कळलं आणि स्वतःची शिसारी आली. तिने डोरीनला फोन केला नाही. लाज वाटली म्हणून केला नाही, आणि त्याची पुन्हा लाज वाटत राहिली.

जानेवारीतल्या एका दुपारी तिचा मुलगा वेस्ली ट्रकमधून आपलं यंत्र घेऊन आला. यंत्र मागे आडवं टाकलेलं होतं. डोरीन पुढे बसून होती.

"आडवं?" लेम्पी म्हणाली. "डुक्कर आहे का ते?"

"उभं केलं तर वळणावर पडतं."

"मग दोर कशाला असतात, गळफास घ्यायला? आतलं सगळं तेल कुठे गेलं असेल बघ आता."

तिने प्लग काढला आणि दोरी ओढली. प्लगच्या भोकातून तेलाची पिचकारी उडाली आणि वेस्लीच्या जाकिटावर बसली. त्याने वळून यंत्राला लाथ घातली. त्याच्या तोंडाला बिअरचा वास होता. लेम्पीने हवेचा फिल्टर काढला, तोही तेलाने चिंब. कार्बोरेटर पुसला, नवं तेल भरलं, प्लग घासून बसवला. चौथ्या ओढीला यंत्र निळा धूर ओकत सुरू झालं. ते घेऊन वेस्ली बाहेर गेला. रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणाऱ्या नांगराने अंगणाच्या तोंडाशी ओल्या बर्फाची भिंत लावून ठेवली होती, ती फोडल्याशिवाय त्याचा ट्रक निघणार नव्हता, आत येतानाही तो कसाबसा त्या भिंतीवरून घसरत आला होता.

लेम्पी कॉफीचा कप घेऊन ट्रककडे गेली. डोरीनने तो डाव्या हाताने घेतला. उजव्या हाताची दोन बोटं आइस्क्रीमच्या काडीला बांधलेली होती.

"दारात सापडली," डोरीन म्हणाली.

"कुठल्या?"

डोरीनने समोर वेस्लीकडे पाहिलं. "आमच्या घरात तेवढं एकच आहे."

तेवढ्यात यंत्राचं नळकांडं ओल्या बर्फाने गच्च भरलं. वेस्लीने इंजिन बंद केलं, शिवी हासडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

लेम्पीने ते पाहिलं, डोरीननेही पाहिलं. दोघी गप्प राहिल्या. जाऊ दे तो हात, असं लेम्पीला वाटलं. आपल्याच पोटच्या पोराबद्दल हे वाटलं आणि तिला त्यात काही चुकीचंही वाटलं नाही. पण वर्षानुवर्षांची सवय तिच्या मनापेक्षा चपळ निघाली.

"हात काढ!"

वेस्लीने हात हिसडला. आतला पंखा खाडकन फिरला आणि निसटलेल्या हातमोज्याच्या चिंध्या बाहेर आल्या. बोटं पाचही शाबूत होती. तो बर्फात बसला आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने हसत सुटला. मग त्याचं लक्ष ट्रकच्या काचेकडे गेलं आणि हसणं थांबलं.

"तू बघत होतीस," तो चालत येत म्हणाला. "समोर बसून मजा बघत होतीस. तोंड शिवलं होतं का तुझं?"

त्याने दार उघडलं आणि त्याच उघड्या हाताने केस धरून डोरीनला खाली ओढलं. तिचं डोकं दाराच्या कडेवर आपटलं. कॉफी आणि रक्त बर्फात मिसळलं. लेम्पी गॅरेजमधून बर्फ फोडायची पहार घेऊन आली.

"सोड तिला."

"तू मध्ये पडू नकोस, आई." त्याने पुन्हा डोरीनचं डोकं आपटलं.

लेम्पीने पहार त्याच्या मनगटावर घातली. मागे दाराची लोखंडी कड होती. हाड मोडल्याचा आवाज तिघांनी ऐकला. तो खाली कोसळला तेव्हा तिने दुसरा घाव त्याच्या गुडघ्यावर घातला. त्याची गरज नव्हती. तो तिने आर्मासच्या वाट्याचा घातला, आणि हातात पहार असताना तिला बरं वाटलं.

मग तिने काठीने नळकांडं मोकळं केलं, यंत्र सुरू केलं आणि भिंत फोडायला घेतली. मागे मुलगा गुरासारखा ओरडत होता. इंजिनाच्या आवाजात तो थोडाच ऐकू येत होता. वाट झाल्यावर तिने ट्रकची चावी डोरीनच्या हातात ठेवली आणि तिच्या कपाळाला फडकं बांधलं.

"पुलापलीकडच्या मोठ्या शहरात माझी बहीण आहे, तिच्याकडे जा. ती माझ्यासारखी बडबडत नाही."

डोरीनने डाव्या हाताने स्टिअरिंग धरलं. "आई, तुम्ही ओरडला नसता तर..."

"माहितीये मला. पूल ओलांडल्यावर पेट्रोल पंपावरून फोन कर. मागे वळू नकोस."

लेम्पीने वेस्लीला खांद्याचा आधार देऊन स्वयंपाकघरात आणलं. मनगटाला फळी बांधली. ते वांग्यासारखं सुजलं होतं.

"दवाखान्यात ने मला," तो म्हणाला.

"नेईन. आधी तिचा फोन येऊ दे."

"दुखतंय गं."

"दुखणारच."

ती कालवणाचं भांडं घेऊन त्याच्या शेजारी बसली, कारण त्याला चमचा धरता येत नव्हता. बाहेर नांगर गेला आणि त्याने अंगणाच्या तोंडाशी पुन्हा भिंत लावली. वेस्लीने दोन घास गिळले.

"हातच मोडायचा होता तर मघाशी वाचवलास कशाला?"

"मला वाचवायचा नव्हता," लेम्पी म्हणाली. "तोंडातून गेलं."

तो लहानपणी रडायचा तसा रडू लागला. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिने पुसलं नाही, एका हातात भांडं होतं आणि दुसऱ्या हातात चमचा.

"तोंड उघड," ती म्हणाली. "निवतंय."