भर दुपारचा मुहूर्त

आमच्या नगर जिल्ह्यात लग्न नवरा-नवरीचं असतं, पण मांडव माईकवाल्याचा असतो. हे मी चिडून म्हणते आहे आणि चिडण्याचा मला हक्क आहे. गेल्या मे महिन्यात त्या माईकपायी माझी थोरली बहीण माझ्या डोळ्यांदेखत कोसळली.

श्रीगोंद्याजवळच्या एका मंगल कार्यालयात भाचीचं लग्न होतं. ताईची ती एकुलती एक लेक. मुहूर्त बारा पस्तीसचा. पत्रिका छापायच्या आधीच मी दाजींना म्हटलं होतं, गोरज मुहूर्त धरा, दिवस मावळताना लग्न लावू, माणसांचे हाल होणार नाहीत. तर दाजी म्हणाले, "संध्याकाळी मोठी मान्सं येत न्हाईत. आन् ऊन काय आज पडाया लागलंय व्हय? आमचं लगीन बी मे म्हैन्यातच झालं की."

हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. दाजींचं लग्न झालं तेव्हा मांडव वडाच्या सावलीत होता, वर आंब्या-जांभळीचे डहाळे होते, आणि रात्री अंगणात निजलेल्या वऱ्हाडाला पहाटे पांघरूण शोधावं लागलं होतं. आता पहाटे भिंतीला हात लावला तरी ती कोमटच लागते. मी संगमनेरला शाळेत भूगोल शिकवते. कोळसा आणि डिझेल जाळून आपण जो धूर सोडतो, त्यातला वायू उष्णता धरून ठेवतो, म्हणून या लाटा वाढल्या आणि लांबल्या, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पोरांना ते कळतं. मोठ्यांनाही कळतं, पण तोवर त्यांच्या पत्रिका छापून झालेल्या असतात.

कार्यालयाला पत्र्याचं छत होतं. खालचे पंखे गरम हवा नुसती ढवळत होते. समोरच्या जुन्या चिंचा गाड्या लावायला जागा हवी म्हणून तोडल्या होत्या आणि फाटकापाशी एकच कडुलिंब उरला होता. मोबाईलवर सकाळीच उष्णतेच्या लाटेचा इशारा आला होता, दुपारी घराबाहेर पडू नका म्हणून. तो सगळ्यांनी वाचला आणि सगळे भरजरी कपडे घालून बाहेर पडले. त्यात मीही होते.

ताई उपाशी होती. आमच्याकडे कन्यादान होईपर्यंत नवरीचे आईबाप उपास धरतात. बाकीचे निदान चहापाणी घेतात, ताईनं पाणीही सोडलं होतं. मी लिंबाचं सरबत घेऊन मागं लागले तर म्हणाली, "एकच लेक हाय माझी. एक दिस तहानलेली ऱ्हायले म्हून काय मरत न्हाई मी."

मुहूर्ताची वेळ झाली. भटजी तयार होते, नवरा-नवरी हार घेऊन उभी होती, पण पुढारी यायचे होते. मग तोवर आलेल्यांचे सत्कार सुरू झाले. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ. त्यानंतर आशीर्वाद. माईकवाला दर वेळी म्हणायचा, "वेळेचं भान ठेवून दोन शब्द बोलावेत ही विनंती." दोन शब्दांवर थांबलेला माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. म्हातारी माणसं टोप्यांनी वारा घेत होती, तान्ही पोरं रडून रडून थकली होती, आणि मुहूर्त कधीच निघून गेला होता.

शेवटी पुढारी आले. व्यासपीठावरच्या एकुलत्या एका कूलरसमोर उभं राहून ते बोलू लागले, तेही पर्यावरणावर! तापमान वाढतंय, पृथ्वी धोक्यात आहे, प्रत्येकानं एक तरी झाड लावलं पाहिजे. वधूवरांना त्यांनी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं एक रोप भेट दिलं. टाळ्या झाल्या. बाहेर त्या एका लिंबाखाली त्यांची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती, साहेब परत येईपर्यंत आत गारवा राहावा म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

तेवढ्यात ताईनं माझा हात धरला आणि मला "आई" अशी हाक मारली. आमची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिचा हात तापलेला होता आणि अंगावर घामाचा टिपूस नव्हता. ती खांबाला टेकली आणि तशीच खाली घसरली. मी ओरडले. माईकवरून आवाज आला, "कुणाला तरी चक्कर आलेली आहे, कृपया काळजी घ्या," आणि भाषण पुढं चालू झालं.

आम्ही तिघी-चौघींनी तिला उचलून बाहेर आणलं. पुढाऱ्यांचा ड्रायव्हर धावत आला. "आना हिकडं, गाडी गार हाय," म्हणत त्यानं दार उघडलं. ज्या धुरावर मी वर्गात तासच्या तास बोलते, त्याच धुराच्या जोरावर माझी बहीण शुद्धीवर आली. त्या वेळी मला उपकारही वाटले आणि रागही आला.

ओला पदर तिच्या मानेवर ठेवून मी बाटली पुढं केली. तिनं तोंड फिरवलं.

"कन्यादान होऊ दे, मग पिते."

मी रागावले, हातापाया पडले, पण ती ऐकेना. बंद काचेतून मंगलाष्टकं ऐकू येत होती. मी एका बाईबरोबर निरोप धाडला, कन्यादानाला थांबा, पाच मिनिटांत तिला आणते. निरोपाचं उत्तर घेऊन ताईचा धाकटा दीरच आला.

"कन्यादानाला जोडपं लागतं, म्हून आमी दोघं नवरा-बायको बसलो. काय करनार, मुहूर्त टळत हुता. लोकं बी जेवायची खोळंबली हुती."

मुहूर्त टळत होता म्हणे! पुढाऱ्यांसाठी तासाच्या वर टळला तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. आईसाठी मात्र तो पाच मिनिटं थांबेना.

"झालं का?" ताईनं मला विचारलं.

"झालं."

"मग दे पानी."

तिनं अख्खी बाटली संपवली आणि मग ती रडायला लागली. मी तिला जवळ घेत होते तोच ड्रायव्हरनं काचेवर टकटक केली. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, सायेब निघालेत. फुडचं लगीन गाठायचंय."

आम्ही खाली उतरलो. भट्टीचं दार उघडावं तसा वारा तोंडावर आला. पुढारी समोरच होते. त्यांनी ताईला हात जोडले आणि म्हणाले, "ऊन फार आहे, ताई. जपा."

घरचं कार्य होतं म्हणून ताईनंही हात जोडले. मी नाही जोडले.