दुरडीखालचं पाऊल
शेणानं लिंपलेल्या दुरडीचा वास आला की मला मार्गासनीतली ती सकाळ आठवते. संस्थानच्या पोलिसांचा एक जमादार आमच्या चावडीत उतरला होता. आदल्या संध्याकाळी त्यानं आमचं बोकड मागितलं, मामंजींनी "देवीला सोडलंय" म्हणून नाही म्हटलं, आणि उजाडता बोकड गायब. गोठ्याजवळच्या ओल्या मातीत एक पाऊल उमटलेलं दिसलं. चोरीचा माग पुसला जाऊ नये म्हणून आमच्याकडं पाऊल आधी झाकतात, तशी मी त्यावर दुरडी पालथी घातली. तेवढ्यात जमादारानं गावाची राखण करणाऱ्या रामोशालाच समोरच्या चिंचेला बांधलं आणि वेतानं मारत ओरडू लागला, "यांची जातच चोरांची!" मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, तू आत जा." मी डोईवरचा पदर नीट केला, "आधी पाऊल तर बघा," म्हटलं आणि सगळ्यांदेखत दुरडी उचलली. खिळे मारलेल्या बुटाचा ठसा होता, टाचेचा एक खिळा पडलेला. आमच्या गावात बूट कुणाच्याच पायात नव्हते. जमादार घाईनं मागं सरला आणि मातीत तस्साच दुसरा ठसा उमटला. गर्दीतून गावचे पाटील पुढं आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं रामोशाचा दोर सोडला. रामोशी पाठ चोळत वाकला, ठशाकडं बघून म्हणाला, "माग चावडीकडं गेलाय, सायेब. म्या पुढं होऊ, का तुमी होताय?" आज इतक्या वर्षांनी दारात पोलीस आला तर मी त्याला बसायला पाट देते, पण आधी त्याच्या पायांकडं बघते.